आमच्या दारातली बोंब

मागच्या प्रकरणांत मी खाडी लिहिली, शाळा लिहिली, वाशीतली पहिली नोकरीही लिहून काढली. आईबाबांच्या भांडणांपाशी आलो की मात्र पेन खाली ठेवून चहा टाकायला उठायचो. कित्येक वर्षं अशी चहावर काढली. आता सत्तरी उलटली आहे, आणि हे वाचून ज्यांना त्रास झाला असता त्यांच्यातलं कोणी उरलेलं नाही. नारूमामाची मुलं आहेत. त्यांना त्रास झाला तर होऊ दे. तो व्हावा अशीच माझी इच्छा आहे.

परवा माझा मुलगा बायकोला बोलता बोलता 'बिनकामाची' म्हणाला. भांडण गॅस सिलिंडरचं होतं, बुक कोणी करायचा याचं. तो ऑफिसला निघून गेल्यावर सूनबाई माझ्यासमोर बसून मेथी निवडू लागली. निवडता निवडता तिनं विचारलं, "बाबा, तुमच्या घरी पण असं बोलायचे का हो एकमेकांना?" मी म्हणालो, "नाही गं. आमच्याकडं असलं नव्हतं." ती म्हणाली, "लकी आहात." नेरुळच्या या चौथ्या मजल्यावरून आमचं दिवाळे गाव दिसत नाही, मधे बिल्डिंगी आल्यात. पण त्या दिवशी माझ्या नाकात सुक्या बोंबलाचा वास आला आणि मी जेवलो नाही.

आमचं घर खाडीच्या इतकं जवळ होतं की भरतीला पाठच्या दारात पाणी चुळबुळायचं. अंगणात वलांडी होती, म्हणजे बांबूंना दोऱ्या बांधून केलेली मासळी वाळवायची जागा. तिच्यावर बोंबील एकमेकांच्या जबड्यात जबडे अडकवून लोंबकळायचे. आई पहाटे उठायची ती आवाज करतच. तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या, कोयतीचा पाटावर होणारा आवाज, चुलीत फुंकर, आणि या सगळ्यावर तिचं बोलणं. पारू कोळीण म्हटलं की बेलापूरपासून नव्या सेक्टरांपर्यंत लोक ओळखायचे. बिल्डिंगीखाली उभी राहून "पापलेऽऽट, सुरमय" अशी हाक घालायची तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या बायका पातेली घेऊन जिन्याकडं धावायच्या. तसा आवाज मी पुन्हा ऐकला तो फक्त माझ्या स्वतःच्या गळ्यातून.

तिच्या हातचं निवट्यांचं कालवण अजून जिभेवर आहे. चिखलातली ती छोटी काळी मासळी, भरपूर लसूण, चिंच, आणि तांदळाची भाकरी. पहिली भाकरी बाबांच्या ताटात, मोठा निवटाही बाबांच्या ताटात. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यावरून कोणाला वाटेल की ती त्यांना उपाशी ठेवायची. ती त्यांना पोटभर खाऊ घालायची आणि मग खाल्लेलं काढायची.

बाबा घरजावई होते. उरणकडच्या एका गावातून येऊन सासऱ्याच्या घरात राहिले, सासऱ्याच्या बोटीवर गेले. आजोबा वारल्यावर बोट आई आणि नारूमामा या दोघांची झाली, बाबा तिच्यावर खलाशी म्हणून जायचे. भांडण कशावरूनही निघायचं: जाळं फाटलं, मीठ ओलं झालं, बाबा कोणाशी तरी गप्पा मारत बसले. आई आधी साधं बोलायची, मग वेग घ्यायची, आणि शेवटी तो शब्द यायचा. "पोसक्या! माज्या बापाचा पोसक्या तू!" पोसलेला माणूस. तो शब्द आला की भांडण संपल्यात जमा असायचं, कारण त्यापुढं बाबांकडं काही नसायचं. निदान मला तसं वाटायचं.

बाबांची एकच युक्ती होती. आई बोलण्याच्या भरात असताना ते मधेच म्हणायचे, "अगो, वाईच पानी दे गो." आणि ती द्यायची. बडबडत आत जायची, तांब्या भरायची, बडबडत बाहेर यायची. पण तेवढ्यात वाक्याचा धागा तुटायचा आणि पुन्हा पकडेपर्यंत अर्धी धार गेलेली असायची. बाबा तांब्याभर पाणी खरंच प्यायचे, तहान नसली तरी. लहानपणी मला ते गमतीचं वाटायचं. सतरा-अठराव्या वर्षी वाटेनासं झालं. तोवर गल्लीतल्या पोरांनी तो शब्द उचलला होता. वीतभर उंचीचं पोर किनाऱ्यावरून ओरडायचं, "ओ पोसक्या काका, जालं द्या ना!" त्यात वाईट बोलायचा हेतू नव्हता, त्याला ते बाबांचं नावच वाटत होतं. बाबा हसून जाळं द्यायचे. मी त्या पोराच्या कानाखाली वाजवली आणि बाबांनी मलाच ओरडून घरी पाठवलं.

मग काका आले. बाबांचे थोरले भाऊ, मुलीच्या लग्नाचं बोलावणं घेऊन. आईनं त्यांच्यासाठी चिंबोऱ्या केल्या, हसून वाढलं. जेवता जेवता बाबा म्हणाले, लग्नाच्या दिवशी बोट बांधून ठेवू, सगळेच जाऊ. ते मासळीचे भाव चढलेले दिवस होते. आई म्हणाली, बोट जाईल. बाबा म्हणाले, "एक दिवस नाय गेली तर काय होतंय? माज्या घरातलं पैलं लगीन हाय."

"तुजं घर?" आई म्हणाली. "पोसक्यानं बोट बांधायची भाषा करू नये."

काकांच्या हातात चिंबोरीचा डेंगा, म्हणजे नांगी, होता. तो त्यांनी ताटात ठेवला, ताटात हात धुतला आणि उठले. "येतो, पारूबाय," एवढंच म्हणाले. बाबा त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले. परत आले ते ओट्यावर बसले आणि आत बघत म्हणाले, "अगो, पानी दे." आईनं दिलं. आणि मी तिथं, त्या उष्ट्या ताटासमोर ठरवलं की या बाईला रडवायचं. एकदा तरी असं बोलायचं की तिच्याकडं उत्तर नसेल. आज हे लिहितानासुद्धा त्या ताटाची आठवण आली की माझे दात एकमेकांवर बसतात. मी तेव्हा चुकलो हे खरं आहे. तेव्हा मला राग आला हेही खरं आहे, आणि तो गेलेला नाही.

पण मला शब्द सापडत नव्हता. आईला लागेल असं काही नव्हतंच. कामाला वाघीण, कोणाचं उधार नाही, कोणाची भीती नाही. शिमगा जवळ आला होता, बोटी वर ओढून डांबर लावायचं काम चाललं होतं. नारूमामाच्या हाताखाली मी डांबराचा डबा धरून उभा होतो. मामाचंही आईशी वाजलेलं होतं, नवं इंजिन बसवायचं की नाही यावरून, आणि ती त्यालाही काहीबाही बोलली होती. तो ब्रश मारता मारता म्हणाला, "तुजा बाप गाढव हाय. एका शबुदात तिचं तोंड बंद होईल, पन बोलत नाय."

"कोनत्या शब्दात?"

मामानं इकडं तिकडं बघितलं. "तुला माहीत नाय? तुजी आई टाकलेली हाय, भाच्या. पैला नवरा होता तिला. तिकडं पल्याडच्या किनाऱ्याला दिली होती. महिना पन नाय ठेवली, होडीत बसवून परत धाडली. आमचा बाप जेवला नाय किती दिवस. मग तुज्या बापाचं स्थल आलं, त्याला सगलं सांगून दिली. बाप बोलला, पोरीला आता दुसऱ्या घरी धाडनार नाय, तूच हिकडं ये. तो आला."

म्हणजे ज्या गोष्टीसाठी आई बाबांना पोसक्या म्हणत होती ती गोष्ट त्यांनी तिच्यासाठीच केली होती. आणि हा शब्द एवढी वर्षं त्यांच्या तोंडात होता. ओठावर आणला नव्हता.

"मी सांगितलं असं बोलू नको," मामा म्हणाला. नंतर मी या वाक्याचा पुष्कळ विचार केला. तोंड बंद ठेवायचं होतं तर सांगितलं कशाला? त्याला ते माझ्या तोंडून वदवायचं होतं. माझ्या हातात त्यानं डबाही दिला आणि काडीही.

आता धुळवडीचं सांगायला हवं, कारण आजच्या पिचकाऱ्या मारणाऱ्या पोरांना ते माहीत नाही. होळी पेटल्यावर दुसऱ्या सकाळी आम्हा पोरांचं टोळकं घरोघर जायचं. प्रत्येक दारात त्या घरातल्या माणसाचं नाव घेऊन, त्याला काहीतरी चिकटवून एकजण ओरडायचा, आणि बाकीचे पालथा हात तोंडावर मारत बोंब ठोकायचे. कोणाला ढेरपोट्या, कोणाला कवडीचुंबक. घरातली बाई हसत शिव्या द्यायची, नारळ नाहीतर पोळी हातावर ठेवायची, की पुढचं दार. दुपारी आंघोळी करून सगळे होळीची राख कपाळाला लावायचे. एकदा राख लागली की सकाळी काय ओरडलं गेलं ते कोणी काढायचं नाही. विचारायचं नाही, रुसायचं नाही आणि माफीही मागायची नाही. माफी मागितली म्हणजे तू मनापासून बोललास असं ठरायचं, आणि तसं ठरलं की गावकीपुढं उभं राहावं लागायचं. आमच्या गावानं हा नियम भांडणं वाढू नयेत म्हणून केला होता. मी त्याची आडोशाची जागा केली. त्या वर्षी ओरडणारा मी होतो, कारण गळा आईचा होता.

त्या सकाळी आईनं नवं जांभळं लुगडं नेसलं होतं. बाबा ओट्यावर जाळं सांधत बसले होते आणि त्यांच्या एका गालावर गुलाल होता. तो तिनंच लावला होता, आतून येता येता, मी बघत असताना. मी ते बघितलं आणि तरीही गेलो. हे कोणी विसरू नये म्हणून लिहितो.

आमच्या दारात टोळकं आलं तेव्हा आई हातात पुरणपोळ्यांचं ताट घेऊन उंबऱ्यावर उभी होती. "बगा गो बायांनो," ती शेजारणींना म्हणाली, "माजाच पोऱ्या माज्या दारात बोंबलाय आलाय! चल, ओरड. बगू आईचं दूद किती पेलास ते." सगळे हसले. मामा त्याच्या दारात चहाचा कप घेऊन उभा होता.

मी छाती भरून श्वास घेतला. "पारूबाय टाकलेलीच्या नावानं..."

पोरांनी सवयीनं बोंब ठोकली. शब्द कानावरून मेंदूपर्यंत जायला वेळ लागतो. मी पुन्हा ओरडलो, अधिक मोठ्यानं. या वेळी अर्ध्याच जणांचे हात तोंडाकडं गेले. तिसऱ्यांदा मी एकटाच होतो. म्हाताऱ्या बायका, ज्यांना माहीत होतं, त्यांनी पदर तोंडाला लावले. मला वाटलं होतं आई माझ्याकडं बघेल, आणि मी तिच्या नजरेला नजर देऊन उभा राहीन. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. ती बाबांकडं वळली. त्यांच्या गालावरच्या गुलालाकडं बघत राहिली. मग पोळ्यांचं ताट उंबऱ्यावर ठेवून आत गेली.

ती काय समजली ते मला त्याच क्षणी कळलं. घरात हे दोघांनाच माहीत होतं. तिनं सांगितलं नव्हतं, म्हणजे त्यांनी सांगितलं. मामाच्या हातातला कप तसाच होता. त्यानं एक घोट घेतला आणि आत जाऊन दार लोटलं.

बाबा उठले. मला वाटलं मारतील. ते पोरांना म्हणाले, "जा रं, म्होरलं घर घ्या." मग ताट उचलून एकेकाच्या हातावर पोळी ठेवू लागले. माझ्याही.

दुपारी सगळ्यांनी राख लावली. आईनंही लावली.

त्या दिवसानंतर तिनं बाबांना कधी पोसक्या म्हटलं नाही. दुसरंही काही म्हटलं नाही. लपवत नाही, पहिले काही आठवडे मी सुखात होतो. घरात शांतता होती आणि ती मी आणली होती. गल्लीतली पोरंसुद्धा तो शब्द विसरली. आई खालमानेनं मासळी कापायची आणि मला वाटायचं, बस आता अशीच. पुढं माझ्या लक्षात यायला लागलं की ती त्यांच्याशी बोलतच नाही. "तुज्या बापाला बोल, भाकरी वाढली." "तुज्या बापाला बोल, मी जाते." बाबांना पाणी मागायची गरज पडत नव्हती, तांब्या आधीच भरून शेजारी ठेवलेला असायचा. तो तसाच राहायचा.

बाबांनी प्रयत्न केला. मुद्दाम उशिरा यायचे, मीठ सांडायचे, एकदा तर चांगलं जाळं खुंटीला अडकवून फाडलं. आई गुपचूप शिवायला बसली. तेव्हा ते तिच्यासमोर उकिडवे बसले. "बोल ना गो. काय बोलायचं ते बोल. पोसक्या बोल."

आई सुई ओढत म्हणाली, "टाकलेल्या बाईनं काय बोलायचं?"

मी खोलीत होतो. दोन पावलं पुढं जाऊन मामाचं नाव घेणं एवढंच काम होतं. नियम आहे, राख लागली आहे, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला आई तशी हवी होती. काकांनी ताटात हात धुतला होता, त्याची ही शिक्षा तिनं भोगायलाच हवी असं मला वाटत होतं. ती बाबाही भोगत होते, ते मी बघून न बघितल्यासारखं केलं.

मला नोकरी लागली, लग्न झालं, मी सेक्टरात राहायला आलो. बाबा आजारी पडले तेव्हा दोघांना इकडं आणलं. आई त्यांचं सगळं करायची, पुसणं, पेज भरवणं. एका दुपारी मी दारात होतो आणि ती चमचा हातात धरून म्हणाली, सरळ त्यांना, मधे मला न घालता, "एकच इचारते. पोऱ्याला का सांगितलंस?"

इतक्या वर्षांनी तिनं राखेचा नियम मोडला होता. बाबांनी मान फिरवली. मला बघितलं. मला कोणी सांगितलं असेल ते त्यांना ठाऊक असणार, मामाला ते माझ्यापेक्षा जास्त ओळखत होते. मी चौकट धरून उभा होतो. त्यांनी माझ्यावरची नजर काढली आणि तिला म्हणाले, "चुकलं माजं."

"बरं," आई म्हणाली. तिनं त्यांचं तोंड पुसलं. "खा आता."

पुढचे काही दिवस, बाबा होते तोवर, ती त्यांच्याशी बोलली. थोडंच, औषधाचं, उशीचं. एकदा "मुडद्या, गिळ की" असंही म्हणाली आणि बाबा हसले. ते गेल्यावर मी मनाशी म्हटलं, आता कशाला उकरायचं, बाबांनीच मिटवलं. ही पळवाट मला आवडली. तिच्यात मी पुष्कळ वर्षं राहिलो. नारूमामा मेला तेव्हा मी खांदा द्यायला गेलो नाही. आईनं विचारलं का, तर मी पाठदुखीचं कारण सांगितलं.

आई ऐंशीच्या पुढं जगली. शेवटी शेवटी तिला ऐकू येईनासं झालं, यंत्र कानात ठेवायची नाही, म्हणायची आत खाडी वाजते. एका दुपारी ती गॅलरीत पाट टाकून जवळा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, निवडत होती. समोरच्या बिल्डिंगीतल्या बायका कपडे वाळत घालत होत्या. घरात आम्ही दोघंच होतो. मी तिच्यापुढं बसलो.

"आये, एक सांगायचंय."

"काय?"

"धुळवडीचं."

"काय? मोठ्यानं बोल रं. गला कुठं गेला तुजा?"

मी जरा मोठ्यानं म्हणालो. तिनं कानामागं हात धरला. समोरची बाई ओला टॉवेल हातात घेऊन आमच्याकडं बघू लागली. आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोललो असतो तर अख्ख्या सोसायटीला ऐकू गेलं असतं, तो शब्दही, आणि तिचं नावही. मी तोंड उघडलं.

"जवला चांगला हाय," मी तिच्या कानाशी जाऊन म्हणालो.

"म्हाग हाय," ती म्हणाली आणि निवडत राहिली. त्याच वर्षी ती गेली.

बोलायचं होतं ते इतकंच: आये, बाबांनी मला काय नाय सांगितलं. कधीच नाय. नारूमामानं सांगितलं, आणि ओरडलो तो मी, समजून उमजून, तुला रडवायला. बाबांनी तुझी माफी मागितली ती माझी होती. मी दारात उभा होतो, आये, आणि मी ती त्यांना मागू दिली.